रापानची कडी आणि सुधाकरकाकांची विंग

कालच्या सामन्यावरून निघालेला वाद जुन्या काळचा फुटबॉल प्रशिक्षक कार्ल रापान याच्यापर्यंत पोहोचणार, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होते. एखादा संघ नव्वद मिनिटे स्वतःच्या गोलापुढे ठाण मांडून बसला आणि तरीही जिंकला, की सुधाकरकाकांचा पारा चढतो आणि या साऱ्या ‘भित्र्या’ फुटबॉलचा मूळपुरुष म्हणून ते त्या व्हिएन्नाच्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात.

“ज्या गावाने सिंडेलारसारखा हल्ला करणारा खेळाडू दिला, त्याच गावच्या माणसाने परदेशात जाऊन खेळाला कडी घातली!” काकांनी कट्ट्यावर थाप मारली. “व्हिएन्नाच्या रापिड क्लबकडून 1930 चे ऑस्ट्रियाचे विजेतेपद मिळवलेला खेळाडू हा. त्याला हल्ला शिकवता येत नव्हता?”

“येत होता, पण कोणाला शिकवायचा?” मेधाने शांतपणे विचारले. ती शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते, त्यामुळे कमकुवत संघ म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून वाचावे लागत नाही. “तो जिनिव्हाच्या सर्वेत क्लबात खेळाडू-प्रशिक्षक म्हणून गेला, तेव्हा त्याच्या हाताशी दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारी माणसे होती. पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूंशी धावण्याच्या शर्यतीत ती हरणारच होती. मग ज्यात हार ठरलेली आहे ती शर्यत लावायचीच कशाला?”

तिने चहाचे रिकामे ग्लास कट्ट्यावर मांडले. त्या काळच्या रचनेत मागे बचावाला दोनच फुलबॅक असत. रापानने मधल्या फळीतले दोन्ही बाजूंचे हाफ खाली ओढून त्यांच्याकडे कडेने हल्ला करणारे विंगर सोपवले, फुलबॅकना मध्ये आणले आणि त्यांपैकी एक जण चेंडूवर जाईल तेव्हा दुसरा त्याच्या पाठीमागे सरकेल, अशी व्यवस्था लावली. हीच ती ‘कडी’. काकांचा अर्धा भरलेला ग्लास उचलून तिने सर्वांत मागे ठेवला. “हा कोणालाही मार्क करत नाही, म्हणजे कोणा एकाच्या मागावर राहत नाही. पुढचा चुकला, की निस्तरायला हा. मात्र या सगळ्याचा भार मधल्या सेंटर हाफवर येतो, कारण त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या पडतात. भित्र्या माणसाला ती जागा झेपणार नाही.”

“माझा चहा दे,” काका म्हणाले.

माझे मत मेधाच्या बाजूचे आहे आणि ते मी लपवत नाही. सर्वेतला 1933 आणि 1934 अशी लागोपाठ विजेतेपदे, पुढे झुरिकच्या ग्रासहॉपर्स क्लबबरोबर आणखी पाच, हा हिशेब नुसत्या बचावाने जुळत नाही. आणि 1938 च्या विश्वचषकातले पॅरिस तर आहेच. ऑस्ट्रिया गिळंकृत करून तिथले खेळाडू आपल्या संघात घातलेल्या जर्मनीशी रापानच्या स्वित्झर्लंडने पहिला सामना 1-1 असा सोडवला. पाच दिवसांनी झालेल्या फेरसामन्यात 0-2 असे मागे पडूनही त्यांनी तो 4-2 असा जिंकला. समोर त्याच्याच गावचे खेळाडू जर्मनीचा पोशाख घालून उभे असताना त्याला काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

काकांनी मात्र हुकमाचे पान राखून ठेवले होते. “आणि 1954 चा विश्वचषक? लोझानमध्ये याच ऑस्ट्रियाविरुद्ध एकोणिसाव्या मिनिटाला 3-0 अशी आघाडी होती! शेवटी काय झाले? 5-7! सात गोल बसले, तेव्हा कुठे गेली होती तुमची कडी?”

“तीनच दिवस आधी तेच खेळाडू बाझेलमध्ये इटलीशी फेरसामना खेळून, 4-1 ने जिंकून आले होते,” मेधा म्हणाली. “त्या उन्हात ऑस्ट्रियाच्या गोलरक्षकालाही ऊन लागले, आणि बदली खेळाडू आणायची तेव्हा सोय नव्हती. ही रचना पायांवर उभी असते, काका. पाय थकले, की मागच्या माणसाला पुढच्याची चूक निस्तरायला वेळेवर पोहोचता येत नाही. शिवाय ज्या संघाने स्वतः पाच गोल केले, त्याला तुम्ही भित्रा म्हणता?”

काका क्षणभर गप्प झाले आणि मग, पेचात सापडले की नेहमी जातात तिथे, म्हणजे आंतरक्लब स्पर्धेच्या त्या जुन्या अंतिम सामन्यात जाऊन पोहोचले. “मी विंगेवर मोकळा उभा होतो. या विनायकने एक पास दिला असता, तर रचनाबिचना काही लागली नसती.”

विनायक इतका वेळ दाणे खात बसला होता. “पास कसा देणार? तुमच्या मागे जो माणूस मोकळा सुटला होता, त्याच्यामागे मी धावत होतो. तिन्ही गोल तुमच्याच बाजूने झाले.”

“विंगर मागे येत नसतो!” काका गरजले.

“रापानच्या संघात तुम्हाला पहिल्या दिवशीच घरी पाठवले असते,” मेधा म्हणाली, आणि “त्याआधी मीच राजीनामा दिला असता,” असे काका इतक्या त्वेषाने उत्तरले, की चहावाल्यासकट सगळे हसू लागले आणि लोझानच्या त्या सामन्याचा निकाल कट्ट्यावर पुन्हा एकदा लागायचा राहून गेला.