चोराच्या मनात चांदणं?

आज सकाळपासून तोच एक व्हिडिओ मला तीन जणांनी पाठवला. फाटलेली उशी, खोलीभर कापूस, आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला लॅब्रेडॉर. मागून आवाज येतोय, "कोणी केलं हे? बोल, कोणी केलं?" तो नजर चुकवतो, ओठ चाटतो, कान मागे घेतो. खाली हसून लोटपोट झालेली मंडळी आणि कुणीतरी लिहिलंय, "चोराच्या मनात चांदणं".

मला हसू आलं नाही. डोकं तडकलं. कारण असाच एक व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्येही आहे, आणि तो मीच काढलाय.

चिंगी तेव्हा दहा वर्षांची होती. आयुष्यात कधी घरात घाण न केलेली कुत्री अचानक दाराजवळच्या पायपुसण्यावर शू करायला लागली. आधी एखाद-दुसऱ्या दिवशी, मग रोज सकाळी. म्हातारपणी लाडावलीय, असं मी ठरवून टाकलं. रोज बोट रोखून ओरडायचे. ओळखीतल्या एकाने सांगितलं, नाक घासा त्यात, परत नाही करणार. एकदा मी तेही केलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते. आणि त्यानंतरचा तिचा चेहरा टिपून घरच्या ग्रुपवर टाकला, "बघा, कसं बरोबर कळतंय हिला!"

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमका हाच चेहरा तपासला होता. २००९ साली तो अभ्यास छापून आला, म्हणजे मी तो व्हिडिओ काढला त्याच्या कितीतरी आधी. घरात पाळलेली १४ कुत्री घेतली. मालकाने खाऊ समोर ठेवून "नाही" म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. तेवढ्यात तो खाऊ कधी कुत्र्याला द्यायचा, कधी उचलून घ्यायचा. परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. आणि तो 'अपराधी' चेहरा कधी दिसला? खाऊ खाल्ला की नाही, याच्याशी त्याचा संबंधच लागेना. मालक रागावला की दिसायचा. सगळ्यात जास्त दिसला तो खाऊला तोंडही न लावता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा.

१४ म्हणजे फार नाहीत, मान्य. कुत्र्यांना अपराधी वाटतच नाही, असं होरोविट्झही म्हणत नाहीत. पण तो चेहरा म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, एवढं तरी पदरात घ्या की!

त्या व्हिडिओखाली एका गृहस्थांनी लिहिलंय, "कळपाचा म्होरक्या कोण, ते दाखवून द्यावंच लागतं." हे वाचलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा म्होरक्या आला कुठून? १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, तिथून. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर नेली, आणि त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि पोरं. ज्याने सांगितलं त्याने स्वतःच दुरुस्त केलं, आणि आपण अजून त्याच्या नावाने कुत्र्यांच्या मानगुटी धरतोय. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०२० साली आला. ओरडून, पट्ट्याला हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं संप्रेरक वाढलेलं सापडलं. खाऊ देऊन शिकवलेल्यांत तसं नव्हतं. हिसके देऊन कुत्रं ऐकतं हो, ऐकतं. घाबरलेला कुणीही ऐकतो.

जाऊ दे. चिंगीचं सांगत होते.

तिला डॉक्टरांकडे नेलं तेसुद्धा नखं कापायला. त्यांनी मागचा पाय हातात घेतला आणि थांबले. मधली दोन नखं पुढून सपाट घासलेली होती, कानशीने घासावीत तशी. "ही पाय ओढत चालते का?" मला सांगताच येईना. दहा वर्षं एका घरात राहून सांगता येईना. मग त्यांनी तिचा पाय हळूच मागे ताणला. चिंगी ओरडली नाही, चावली नाही. तिने कान मागे घेतले, तोंड फिरवलं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला आणि तिने ओठ चाटला.

तोच चेहरा. हुबेहूब तोच. त्या टेबलावर तिने कुठला गुन्हा केला होता?

एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले. रात्रभर पडून राहिलं की सकाळी ते आखडतात. तिला जिना उतरवत नव्हता. मग आठवलं, कितीतरी दिवस ती पहिल्या पायरीवर पुढचा पंजा ठेवायची आणि परत घ्यायची. मी पट्टा ओढायचे, म्हणायचे, चल, नाटकं नकोत. घर घाण करू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं. दारापर्यंतच जमत होतं, म्हणून ती दारापर्यंत जायची.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेले प्राणी बघतात. २०२० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की हात राखून अंदाज केला तरी अशा साधारण एक तृतीयांश प्राण्यांना कुठलं ना कुठलं दुखणं असतं. एक तृतीयांश! म्हणजे 'बिघडलेल्या' दर तिघांतला एक दुखण्याने बेजार, आणि आपण बोट रोखून विचारतोय, कोणी केलं. सगळ्यांना लगेच डॉक्टर परवडत नाही, हे मला कळतं. पण ओरडायच्या आधी त्याची चाल बघायला पैसे लागत नाहीत.

वेदनाशामक सुरू झालं, वजन उतरवलं, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या आल्या, आणि सकाळचा जिना मी तिला उचलून उतरवायला लागले. पायपुसणं कोरडं राहायला लागलं. पुढची अडीच वर्षं ती एकदाही तिथे बसली नाही.

आज तो लॅब्रेडॉरचा व्हिडिओ बंद केला आणि बऱ्याच वर्षांनी आमचा उघडला. आवाज बंद करून पाहिला, कारण माझा तो आवाज ऐकवत नाही. ती ओल्या पायपुसण्याकडे एकदाही बघत नाहीये. पूर्ण वेळ माझ्या बोटाकडे बघतेय. आणि मागचा डावा पाय जमिनीवर नीट टेकलेलाच नाहीये.