गप्प बसणारी वाहक लहर

हौशी रेडिओच्या नादी लागलेल्या माणसाने झोपेचा हिशेब ठेवू नये. मी एका रात्री विजेचा ठेवायला बसलो, आणि माझे हाल सुरू झाले. शंभर टक्के मॉड्युलेशन केले, म्हणजे लहरीवर आवाज पुरेपूर चढवला, तरी एका शुद्ध सुराच्या बाबतीत, एएम (लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त करणाऱ्या) ट्रान्समीटरची दोन तृतीयांश शक्ती आवाज वाहून नेणाऱ्या एकट्या मूळ लहरीवर, म्हणजे वाहक लहरीवर, खर्ची पडते, आणि उरलेल्या तृतीयांशात दोन साइडबँड (वाहकाच्या दोन्ही बाजूंचे वारंवारतांचे पट्टे) एकच मजकूर दोनदा सांगतात. चकार शब्द न बोलणाऱ्या या लहरीला पोसायचे तरी कशासाठी?

मी प्रथम वाहक दाबून दोन्ही साइडबँड तसेच ठेवले. माझ्या मित्राच्या रिसीव्हरमधला डायोड आजवर लहरीच्या वरच्या कडेवरून निमूटपणे आवाज काढून देत असे, तो आता गांगरला. आवाज परत मिळवायला मित्राला वाहक घरच्या घरी तयार करावा लागला. पण त्याची फेज (लहरीच्या चढउताराची वेळ) नव्वद अंशांनी चुकली, की दोन्ही साइडबँड एकमेकांना खोडून टाकीत, आणि वारंवारता अवघ्या अर्ध्या हर्ट्झने हुकली, तर माझे भाषण सेकंदाला एकदा बुडून पुन्हा वर येई. (मित्राने या पद्धतीविषयी फारशी तक्रार केली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.)

मग मी एसएसबीकडे, म्हणजे सिंगल साइडबँडकडे, वळलो. अमेरिकी अभियंते जॉन कार्सन यांनी १९१५ साली पेटंटसाठी अर्ज केलेल्या या युक्तीत एकच साइडबँड उरतो, बोलण्याला सहाऐवजी सुमारे तीन किलोहर्ट्झ जागा पुरते, आणि आपण गप्प बसलो की ट्रान्समीटरही गप्प बसतो. माझी बचत झाली खरी. पण नको असलेला साइडबँड नेमका कापणारा फिल्टर आणि विकृती न आणणारा लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर जमवता जमवता माझ्या नाकी नऊ आले, आणि उरलेला त्रास मित्राच्या बोटांवर गेला. त्याचे ट्यूनिंग दोनशे हर्ट्झ सरकले, की अँटेना पडल्याची माझी गंभीर हकीगत बदकाच्या आवाजात पोहोचे. तो हसे, मी चिडे, आणि चिडलेले बदक अधिकच विनोदी वाटे. एक केंद्र आणि लाखो श्रोते असतात तेथे प्रसारणवाले वीज का उधळतात, हे मला तेव्हा उमगले: केंद्राने खर्च सोसला, की प्रत्येक श्रोत्याचे काम एका डायोडवर भागते.

पहाटे हार मानून मी एएम लावले. वाहक सुरू होताच मित्राच्या रिसीव्हरमधली खरखर एकदम बसली. “वा! आता कसं झकास येतंय!” तो म्हणाला. मी अजून तोंडही उघडले नव्हते.