मॅग्नेशियमवरचं निकेल प्लेटिंग : त्या मेसेजबद्दल खुलासा

मंडळी, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘मॅग्नेशियमच्या पार्टवर निकेल चढवा, गंजाचा विषय संपला. ओरखडा पडला तरी जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्यासारखं ते स्वतःला वाचवतं.’

यातलं दुसरं वाक्य उलटं आहे. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. मॅग्नेशियमचं प्रमाण विभव (धातूची क्रियाशीलता दाखवणारा आकडा; जितका जास्त उणे, तितका धातू क्रियाशील) उणे २.३७ व्होल्ट, निकेलचं उणे ०.२५. म्हणजे इथे झिजणार आतलं मॅग्नेशियमच, आणि तेही नेमकं ओरखड्यापाशी.

उद्यमनगरात आम्ही एझेड९१ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा निकेल चढवलेला तुकडा ओरखडून मिठाच्या पाण्यात ठेवला. लगेच हायड्रोजनचे बुडबुडे सुटले. सकाळी तिथे पांढरी भुकटी आणि खड्डा, बाजूचं निकेल मात्र चकचकीत!

निकेल अखंड, बिनछिद्र असेल तोवर ते उपयोगी आहेच. पण ओरखडे पडणाऱ्या पार्टला प्लाझ्मा ऑक्सिडेशन (द्रावणात विजेच्या ठिणग्यांनी पृष्ठभागावर कडक ऑक्साइडचा थर तयार करणं), त्याची छिद्रं बुजवणारं सीलिंग आणि वरून इपॉक्सी किंवा पावडर कोटिंग हा जास्त भरवशाचा मार्ग. स्टीलही निकेलसारखंच मॅग्नेशियमला झिजवतं, म्हणून स्टीलचा बोल्ट थेट टेकू देऊ नका, मध्ये इन्सुलेटिंग (वीज न वाहू देणारा) वॉशर हवाच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.