वरचा मजला सुखी असो

तुमच्या वरच्या फ्लॅटमध्ये नवीन बिऱ्हाड आलं असेल तर आधी अभिनंदन. आता रात्री किती वाजले हे बघायला घड्याळ लागणार नाही. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या सरकल्या की पावणेअकरा, गोट्या सांडल्या की साडेअकरा आणि पलंगाचा कप्पा धाडकन मिटला की साडेबारा. (गोट्या कोण खेळतं हे विचारू नये. त्या घरात लहान मूल नाही.)

अनुभवाचे चार बोल सांगतो, उपयोगी पडतील.

वरच्या कुंड्यांचं पाणी आपल्या वाळत घातलेल्या शर्टावर ठिबकलं तर कुरकुर करू नये. शेणखताचं असतं, शर्टाची वाढ चांगली होते.

समोरच्या बाल्कनीतले काका सकाळी सहाला पंचा गुंडाळून घसा खाकरायला येतात. आपण पडदे लावावेत. काका पुरवठा थांबवणार नाहीत.

शेजारचं भांडण ऐकू येऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवलात तर भांडण थांबवून तुम्हालाच निरोप येतो, ‘टीव्ही जरा हळू.’

मात्र खुर्च्यांबद्दल बोलायचं असेल तर स्वतः वर जावं. मी गेल्या मंगळवारी गेलो होतो. रात्रीचे पावणेबारा. जिना चढताना वाक्यं पाठ केली, बेल मारली. दार उघडलं तर, “अहो, या या! किती दिवसांनी!” आत दहा-बारा पाहुणे. मला एक खुर्ची ओढून दिली, हो, ओढूनच, आणि वहिनींनी हातात आम्रखंडाची वाटी दिली. वर त्यांनीच विचारलं, “खाली आवाज नाही ना येत?” आणि मी, सव्वा वर्ष झोपमोड सोसलेला माणूस, म्हणालो, “छे छे, अजिबात नाही.” वाटी चाटूनपुसून खाली आलो. ही म्हणाली, “बोललात?” तेवढ्यात वर घर्रऽऽ झालं. मी बसलो होतो तीच खुर्ची. आवाजावरून ओळखली.

कायद्यावर विश्वास असेल तर तोही अजमावावा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. सेक्रेटरींना दाखवले. म्हणाले, “लेखी द्या.” लेखी दिलं. म्हणाले, “आपसात मिटवा हो, रोज तोंडं बघायचीत.” मग सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता विनंती टाकली. अकरा जणांनी हात जोडले, एकाने सुप्रभात घातलं आणि वरच्यांनी लिहिलं, ‘अगदी बरोबर. सगळ्यांनीच काळजी घ्यायला हवी.’

सगळ्यांनीच?

अहो, तुमची फरशी म्हणजे आमचं छत आहे. खुर्ची ओढली की तो आवाज स्लॅबमधून उतरतो, म्हणून तुम्हाला एवढासा वाटतो आणि इथे उशीत घुमतो. लिफ्टमध्ये भेटल्यावर मलाच सांगता, ‘फॉल्स सीलिंग करून घ्या’? का? तुमच्या सहा खुर्च्यांसाठी? त्यानेही हा आवाज पुरता थांबत नाही, तो भिंतींतूनही उतरतो. आणि खुर्ची उचलून ठेवायची असते, हे पहिलीतल्या पोरांना बाई सांगतात. तुम्ही पन्नाशीला आलात. माझी कंपनीची बस सहा दहाला नाक्यावर येते. तुमचे पाहुणे, तुमचे वाढदिवस, तुमच्या मॅचेस, सगळं करा ना, कोण नको म्हणतंय? पण पायांना रबरी बुचं लावायला कसला कमीपणा?

चोवीस बुचं मीच आणली आहेत, हार्डवेअरच्या दुकानातून. पिशवी तुमच्या दाराच्या कडीला अडकवली आहे. आज लावा. नाही लावलीत तर पावणेबाराला पुन्हा बेल मारीन, आणि या खेपेला आम्रखंड खाणार नाही.