किती देश झाले?

106 दिवस बोटीवर राहून आले त्याला वर्ष उलटून गेलं, तरी लग्नाकार्यात भेटणारा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. "किती देश झाले?" आकडा सांगितला की दुसरा, "खर्च किती आला?" तिसरा प्रश्न येईपर्यंत पानं वाढलेली असतात. परवा एका भाचेजावयांनी मात्र वेगळाच सूर लावला. "मामी, बोटीवरच्या ओळखी म्हणजे रेल्वेतल्या ओळखी. स्टेशन आलं की संपल्या." पंगतीत होते म्हणून गप्प बसले. इथे नाही बसणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 2024 च्या जानेवारीत मी आणि माझी थोरली नणंद साउथॅम्प्टनहून जगाच्या फेरीला निघालो. मी 66, ताई 71. मी बँकेतून निवृत्त, ताई शाळेतून. दापोलीकडची थोडी जमीन होती, ती विकली. "मुलांसाठी ठेवायची होती," असं ज्यांना वाटलं त्यांनी ते बोलून दाखवलंच. आणि भारतीय पासपोर्टवर जगाची फेरी म्हणजे आधी सहा महिने व्हिसाची फेरी. एकेका देशासाठी तेच बँक स्टेटमेंट, तेच फोटो, फक्त पार्श्वभूमी कधी पांढरी तर कधी करडी. आमच्या टेबलावरच्या ब्रिटिश मंडळींना यातलं फारसं काही करावं लागलं नव्हतं. आमची फाईल बघून त्यांना वाटलं आम्ही कोर्टात केस लढायला निघालोय.

आता देशांचं. बोट सकाळी धक्क्याला लागते, संध्याकाळी निघते. आठ-दहा तासांत काय देश होतो? सॅन फ्रान्सिस्कोत आम्ही पूल पाहिला, धुकं पाहिलं आणि एका दुकानात छत्री विसरलो. झाला देश. 106 पैकी साठाहून जास्त दिवस आम्ही नुसत्या पाण्यात होतो. बोटीवर त्यांना 'सी-डे' म्हणतात. जमीन नाही, काम नाही, इंटरनेट महाग आणि मुंगीच्या चालीचं. मैत्री झाली ती सगळी या रिकाम्या दिवसांत.

माझी पहिली मैत्री भांडणातून झाली, तीही कपडे धुवायच्या खोलीत. जगाच्या फेरीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, बोटीवरची खरी भांडणं तिथेच होतात. मशीन मोजकी, माणसं ढीगभर. मी कपडे टाकून चहाला गेले, परत येऊन बघते तर माझे परकर, ब्लाउज, ताईंचा गाऊन असं सगळं ओलं बोचकं मशीनवर काढून ठेवलेलं आणि आत कुणाचे तरी टॉवेल फिरतायत. शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांची बाई शांतपणे वाचत बसलेली. मी काही म्हणायच्या आत तिने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "मशीन थांबून अकरा मिनिटं झाली." दहा नाही, पंधरा नाही, अकरा. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला असा हिशेब ऐकून राग धरता येत नाही.

दोन दिवसांनी तीच बाई तिथेच भेटली. मी सुती साडीला इस्त्री करत होते, म्हणजे त्या हातभर फळीवर सहा वार कापडाशी झुंजत होते. ती उठली, न विचारता साडीचं दुसरं टोक धरलं आणि मागे मागे सरकत भिंतीपर्यंत गेली. आम्ही दोघींनी साडी ताणली, झटकली, घडीसाठी जवळ येणार तेवढ्यात बोट कलली आणि ठरवल्यासारख्या दोघी डाव्या बाजूला दोन पावलं धावत गेलो, मधे साडी. तिथे जे हसू फुटलं ते थांबेना. यॉर्कशायरची निवृत्त सुईण. हजारो बाळंतपणं केलेली बाई. तिची घडी माझ्यापेक्षा सरळ यायची. पुढे शंभर दिवस माझ्या साडीचं दुसरं टोक तिचं.

टेबलावर आम्ही आठ. जागा ठरलेल्या, रोज तीच माणसं. न्यूझीलंडचा एक निवृत्त पोस्टमन, वेल्सचं जोडपं, कॅनडाचे दोघे भाऊ, सुईणबाई आणि आम्ही. कुणी म्हणेल, चाळच की! मी गिरगावात चाळीत वाढले, मला नाही पटत. चाळीत उद्याही राहायचं असतं, त्यामुळे माणूस राखून बोलतो. बोटीवर उतरायची तारीख तिकिटावर छापलेली असते. म्हणून लोक दुसऱ्याच आठवड्यात असं काही सांगून टाकतात, जे त्यांनी सख्ख्या भावाला सांगितलेलं नसतं. पोस्टमनने एका रात्री सूप गार होईपर्यंत आपल्या मुलाबद्दल सांगितलं. काय ते इथे लिहिणार नाही. टेबलावर कुणी सल्ला दिला नाही. वेल्सच्या बाईने नवीन सूप मागवलं, बस.

याच्या उलट पनामाचा कालवा. फेरीतला सगळ्यात मोठा देखावा म्हणतात तो. बोट पाणी भरून वर उचलणाऱ्या हौदांच्या दारांतून पायरी पायरीने चढत 26 मीटर उंचावरच्या गाटुन तळ्यात जाते, दोन्ही काठांवरून विजेवर चालणारी इंजिनं दोरांनी बोट सरळ धरून ठेवतात. त्यांना तिथे खेचरं म्हणतात. त्या वर्षी दुष्काळाने तळ्याचं पाणी उतरलं होतं, रोज छत्तीसच्या आसपास जहाजं जायची ती 24 वर आणली होती. प्रत्येक जहाजामागे तळ्याचं गोडं पाणी समुद्रात जातं, तेही थोडंथोडकं नाही, 20 कोटी लिटरच्या घरात. सगळं खरं, सगळं भव्य. पण त्या दिवशी पहाटे साडेपाचपासून कठड्याजवळच्या जागेवरून जी ढकलाढकली झाली! आमच्या टेबलावरचे कॅनडाचे भाऊ दुपारपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. देखावा असला की माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, माझा तरी असा अनुभव.

ताईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ताई एकादशी सोडत नाहीत. पश्चिमेकडे जाताना दर काही दिवसांनी रात्री घड्याळ तासभर मागे करायचं, म्हणजे झोप जास्त. सगळे खूश. पण तो तास उसना असतो. हवाईच्या पुढे, सामोआच्या अलीकडे वाररेषा येते आणि अख्खा दिवस वळता करून घेतात. आम्ही 19 फेब्रुवारीला झोपलो आणि 21 ला उठलो. 20 तारीख बोटीवर झालीच नाही, आणि नेमकी 20 ला माघातली एकादशी.

ताई कासावीस. दिवसच नाही तर उपास कधी करायचा? जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न निघाला आणि आठ माणसं दोन तास त्यावर बोलत होती. पोस्टमनने सांगितलं की सामोआने 2011 साली वाररेषेची बाजू बदलली तेव्हा 30 डिसेंबर हा दिवसच गाळला होता, तिथल्या उपासांचं काय झालं असेल? कॅनडाच्या थोरल्या भावाला इतिहासाचा नाद. त्याने जगाची पहिली फेरी करणाऱ्या मॅगेलनच्या मोहिमेचं काढलं. तीन वर्षांनी, 1522 मध्ये, उरलेले खलाशी केप व्हर्दला पोचले तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. रोज नेमाने नोंद ठेवूनही एक दिवस हरवलेला. त्यांनाही म्हणे मोठी रुखरुख लागली, उपासाचे नि सणाचे दिवस चुकले म्हणून. ताईंना एवढं बरं वाटलं ते ऐकून! शेवटी त्यांनीच निकाल दिला: कॅलेंडरने उडी मारली, चंद्राने नाही. त्यांनी 19 ला उपास केला, 21 ला सकाळी सोडला. साबुदाणा नव्हता, उकडलेले बटाटे आणि भाजलेले शेंगदाणे होते. संध्याकाळी बघते तर सुईणबाईच्या ताटातही फक्त बटाटे आणि शेंगदाणे. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

मुंबईचं दुःख वेगळंच. मूळ कार्यक्रमात मार्चअखेर बोट मुंबईला लागणार होती, होळीच्या मागेपुढे. पूर्ण टेबलाला ठाण्याला जेवायला बोलावलं होतं मी. सूनबाईला पुरणाची डाळ किती भिजवायची तेही कळवून झालं होतं. पण तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांचे जहाजांवरचे हल्ले थांबेनात आणि त्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-एल-मंदेबच्या चिंचोळ्या वाटेने जाणं धोक्याचं झालं. कप्तानाने भोंग्यावरून सांगितलं, सुएझ रद्द, आफ्रिकेला वळसा. मुंबई गेली. कुणाचा दोष नव्हता, पण मी केबिनमध्ये जाऊन रडले. आपलं घर दाखवायचं राहिलं याचं एवढं वाटेल असं वाटलं नव्हतं. होळीच्या दिवशी आम्ही ऑस्ट्रेलिया आणि मॉरिशसच्या मधे, चहूकडे पाणी. बोटीवर काडी ओढायचीही चोरी, होळी कुठली. मी सुईणबाईला जेवणाच्या मेनूकार्डाच्या पाठीवर पुरणपोळीची कृती लिहून दिली. 'पुरण शिजलं की उलथनं उभं राहतं' हे इंग्रजीत लिहायला तीनदा खोडलं.

आता जरा कडू बोलते. शेवटच्या रात्री समारंभ झाला. "आपण सगळे एक कुटुंब झालो," असं व्यासपीठावरून सांगण्यात आलं, टाळ्या झाल्या, क्रूला रांगेने उभं करून हात हलवायला लावले. मला ते आवडलं नाही. आमची केबिन बघणारा मुलगा सावंतवाडीकडचा. पहिल्याच दिवशी आमचं मराठी ऐकून हळूच म्हणाला, "मावशी, तुमी खंयच्या?" त्या एका वाक्यावर ताई विरघळल्या. गिरगावात वाढलेल्या मला ही माणसं लहानपणापासून माहीत. शेजारी धोबी तलावला गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या उतरायच्या जागा होत्या, पत्र्याच्या ट्रंका घेऊन तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, तिथे बोटीची वाट बघत राहायचे. आपल्याकडे आजही 'बोटीवर असतो' म्हटलं की मुलाचा भाव वाढतो. तो काय करतो ते कुणी विचारत नाही. हा दिवसातून दोनदा अठरा केबिन आवरायचा, कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं. मुलगी झाली तेव्हा तो बोटीवर होता. "घराक गेलंय की चेडू माका वळखूचा नाय," हे तो उशीचा अभ्रा बदलता बदलता म्हणाला, माझ्याकडे न बघता.

आमचं पटायचं. तरी ती मैत्री म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. तो माझ्यासमोर खुर्चीत बसू शकत नव्हता. माझ्या शेऱ्यावर त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट थोडंफार अवलंबून. माझी आयुष्यभराची आठवण म्हणजे त्याचा मंगळवार. निघताना पाकीट देतो ना आपण हातात? कुटुंबात कुणी पाकीट देत नाही. आहेराचं सोडा.

तर भाचेजावयांना हिशेब देते. बोटीवरून उतरलो तेव्हा व्हॉट्सअॅप ग्रुपवर 43 जण होते. आज निम्मे गप्प आहेत, सात-आठ नुसती फुलं पाठवतात. वेल्सचे काका गेले, ते तिथेच कळलं. फेरीचा एकच टप्पा करून सिडनीला उतरलेल्या लोकांची तर नावंही आठवत नाहीत मला. मान्य. पण त्याच डिसेंबरात सुईणबाई लंडनहून विमानाने एकटी आली. पर्समधून ते मेनूकार्ड काढलं, तूप लागल्यासारखे डाग त्यावर. घरी चारदा करून बघितली होती म्हणे, चारही वेळा फुटली. माझ्या ओट्याशी उभी राहून पाचवी केली, तीही फुटली. दुपारी वाळत घातलेली साडी आणली तर सवयीने दुसरं टोक धरून मागे गेली आणि फ्रिजवर आपटली. रेल्वेतल्या ओळखीचं कुणी येतं का असं?

आणि एप्रिलमध्ये त्या मुलाचा फोन आला. सुट्टीवर होता, मुलीचा वाढदिवस, याच म्हणाला. मी आणि ताई कोकणकन्येने गेलो. अंगणात मांडव, कोंबडीवडे, ताईंसाठी वेगळी उसळ. चहाची कपबशी उचलून मी मोरीकडे निघाले तर त्याने हातातून काढून घेतली. "हय तुमी पॅसेंजर न्हय," म्हणाला, आणि मग स्वतःच लाजला, कारण कप तर पुन्हा त्याच्याच हातात. त्याची बायको खो खो हसत होती. म्हणाली, घरी कधी चादरसुद्धा घडी करत नाहीत हो हे.

ताईंनी तेवढ्यात पोरीला सांगितलं, तुझा बाबा टॉवेलचा हत्ती करतो, रोज रात्री आमच्या पलंगावर ठेवायचा. झालं. पोर हटूनच बसली. घरात जाड टॉवेल नव्हता, दांडीवरचा पंचा घेतला त्याने. ओटीवर बसून बोटांनी भराभर गुंडाळला, पाय झाले, कान झाले. पण पंचा पातळ, सोंड उभी राहीना. तो उभी करी, ती पडे. पोर दर वेळी टाळ्या वाजवून म्हणे, "पुना!" आणि तो पुन्हा पहिल्यापासून पंचा झटके.