खाडा एकाचा, डबल दुसऱ्याला

सकाळचे सहा पन्नास. कंपनीची बस गेटात आली, माणसं उतरली, मी तोंडं मोजली. आजही माझा तो ऑपरेटर नाही. फोन लावला तर स्विच ऑफ. या महिन्यातला हा सहावा खाडा, आणि आज तारीख आहे 19. सहापैकी एकाही वेळी आदल्या रात्री मेसेज नाही की सकाळी फोन नाही.

चाकण एमआयडीसीत मशीन शॉपला मी पहिल्या पाळीचा सुपरवायझर आहे. त्याच्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, 90 सेकंदाला एक नग निघतो. ताशी 40, जेवणाची सुट्टी सोडून पाळीला 320. सातला मशीन उभी राहिली की आठला प्लॅनिंगचा फोन, नऊच्या मीटिंगला सगळ्यांसमोर प्रश्न, "तुमची लाइन का थांबली?" घरी झोपलाय तो, आणि मान खाली घालून ऐकायचं मी!

तेही मी ऐकून घेतो. डोकं फिरतं ते मामांकडे बघून. मामा तिसऱ्या पाळीचे, पन्नाशी ओलांडलेले, रात्री बारापासून मशीनवर उभे. सकाळी कपडे बदलून, डब्याची पिशवी घेऊन निघालेल्या त्या माणसाला मी आज परत अडवलं. "मामा, डबल माराल का, सलग ही पाळीपण?" त्यांना नातीला दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांनी घरी फोन केला, "तुम्हीच जाऊन या" म्हणाले, आणि पुन्हा सेफ्टी शूज चढवले. एक शब्द बोलले नाहीत. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळेल, ते ठीक. पण दुपारी दोनला त्यांचे डोळे मिटत होते आणि समोर नग पकडणारा चक फिरत होता. मी जाऊन मशीन बंद केली आणि त्यांना घरी पाठवलं. त्यांना थांबवायलाच नको होतं. मागच्या खाड्याला ट्रेनी पोराला उभं केलं होतं, तेव्हा टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराची सेटिंग, चुकली, नगातलं भोक मोठं झालं आणि लक्षात येईपर्यंत 46 नग स्क्रॅपमध्ये गेले. ते पोरगं रडकुंडीला आलं होतं. त्याची काय चूक?

मी रजेच्या विरुद्ध नाही हो. 20 दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. गावची जत्रा असो, पेरणी असो, घरातलं लग्न असो, आठ दिवस आधी सांगा, मी माणूस बघून ठेवतो. आषाढीला वारीत जाणाऱ्या दोघांची सोय मी दरवर्षी करतो, कारण ते महिनाभर आधी अर्ज देतात. अचानक कुणी वारलं, पोर आजारी पडलं तर सकाळी सहाला एक फोन करा, तेवढ्यावर मी भागवतो. याला तर मी बाजूला घेऊन, चहा पाजून विचारलं होतं. घरी काही अडचण आहे का? कर्ज झालंय का? तब्येत? "काही नाही साहेब, पोट दुखत होतं." बरं, मग ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात जा, डॉक्टरचं सर्टिफिकेट घे, नियमात बसलं तर आजारपणाच्या दिवसांचे 70 टक्के पैसे मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. गेला? नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी पोट दुखतं, सोमवारी दुखतं. हे मी हजेरीचा कागद समोर ठेवून त्याला दाखवलं. खाली मान घालून "परत होणार नाही" म्हणाला. चौथ्या दिवशी खाडा.

आणि वरचे? एचआरला चार मेल टाकले. उत्तर काय, तर "तुमच्या लेव्हलला समजावून सांगा." अरे, किती वेळा? विनापरवानगी वारंवार गैरहजर राहणं हे स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या लेखी कामाच्या नियमांत, गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे. पत्र द्या, खुलासा मागा, त्याचं म्हणणं लेखी घ्या, पुढची कारवाई रीतसर करा. पत्रावर सही करायचा अधिकार माझ्याकडे नाही, पण लाइन थांबल्याचा जाब मात्र माझ्याकडे! रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, मागितला तर "मॅनपॉवर मंजूर नाही." म्हणजे रोज वेळेवर येणाऱ्या माणसालाच पिळायचं. तीन वर्षांत एक खाडा नाही मामांचा. त्याचं फळ काय मिळालं त्यांना? डबल, डबल आणि डबल.

आज संध्याकाळी सहाही तारखा घालून पाचवा मेल टाकलाय, या वेळी प्लँट हेडना सीसी करून. उद्या तो आला तर आधी एचआरच्या केबिनमध्ये जाईल, मशीनवर नंतर. नाही आला, तर मशीन उभी राहील. नऊच्या मीटिंगला काय बोलायचं ते बोला. मामांना मी सातच्या बसमध्ये बसवून घरी पाठवणार आहे.