रायफलच्या नळीचं तोंड बदलायला गनस्मिथ शोधा म्हणे!

अमेरिकेत रायफली विकणारं दुकान कोपऱ्याकोपऱ्यावर, पण एआर-१५ रायफलच्या नळीच्या तोंडावरचा फ्लॅश हायडर (गोळीचा जाळ झाकणारा तुकडा) काढून मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) बसवून देणारा माणूस? शोधत बसा. पाटीवर गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर, असं लिहिलेलं असतं, आत नुसता स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवणारा पोरगा.

तुकडा साधा थ्रेडवरचा, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवलेला असेल तर काम १५ मिनिटांचं, तरी हे लोक रायफलचा रिसीव्हर (नळी जिथे बसते तो अॅल्युमिनियमचा सांगाडा) शिकंज्यात धरून पाना ओढतात. सगळा पीळ नळी जागेवर धरणाऱ्या छोट्या इंडेक्स पिनवर आणि त्या अॅल्युमिनियमवर येतो. नळीच धरा ना! सायलेन्सर लागणार असेल तर दबून बसणारा क्रश वॉशर नको, शिम (पातळ सपाट चकत्या) घाला, हेही गिऱ्हाइकानंच सांगायचं. वॉशर तिरका दबला की सायलेन्सर तिरका आणि गोळी थेट बॅफलला, म्हणजे त्याच्या आतल्या पडद्यांना. आधी थ्रेडवर रॉकसेट नावाचं चिकटद्रव्य लावलेलं असेल तर ते सोडवायला गॅसची टॉर्च पेटवतात. अहो, ते उष्णतेला दाद देत नाही, गरम पाण्यात भिजत ठेवा!

खरी रड १४.५ इंची नळीची. कायदेशीर १६ इंच भरावेत म्हणून तिच्यावरचा तुकडा पिन मारून वेल्ड केलेला असतो. वेल्ड घासायचा, पिन काढायची, थ्रेड न दुखवता तुकडा उतरवायचा आणि नवा पुन्हा वेल्ड करायचा. नव्याची लांबी अर्धा सूत कमी पडली तरी मामला शॉर्ट बॅरल रायफलचा, म्हणजे एटीएफ या बंदुकांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा. हे मोजून घेणारा क्वचित भेटतो, आणि भेटलाच तर म्हणतो, "ठेवून जा, फोन करतो."

तो फोन कधी येत नाही.